दापोलीच्या किनाऱ्यावर यायचंय? आधी तिथी बघा

ताई, तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: जानेवारीत शुक्रवार ते रविवार पुण्याहून स्वतःच्या गाडीने येणार. तुम्ही दोघं, आठ आणि अकरा वर्षांची मुलं, शिवाय सत्तरीच्या सासूबाई. शनिवारी पौर्णिमा आहे. यादीत वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर आणि जमलं तर गुहागर-हेदवी. यातला समुद्रात उतरायला सगळ्यात चांगला किनारा कुठला आणि सगळं तीन दिवसांत कसं बसवायचं?

सगळं बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. याच पट्ट्यात बावीस वर्षं पाहुणे उतरवतोय. जो येतो तो अशीच यादी घेऊन येतो आणि रविवारी निघताना गाडीतच जास्त बसलो म्हणून हळहळतो. नकाशावर आंजर्ले ते लाडघर बोटभर दिसतं. पण हे रस्ते टेकडी चढतात, खाडीला वळसा घालतात, मग वाडीच्या बोळात शिरतात, तिथे समोरून एसटी आली की तुम्ही मागे जायचं. ताशी पंचवीस-तीस किलोमीटर धरा, त्याहून जास्त नाही.

तुमच्या प्रश्नात कामाची गोष्ट एकच आहे आणि ती तुम्ही सहज लिहून गेलात: शनिवारी पौर्णिमा. आमच्याकडे चांगला किनारा कुठला यापेक्षा आज तिथी कोणती आणि आत्ता वाजले किती, हे आधी बघतात. सकाळी दहाला ज्या पाण्यात लहान मूल सोडाल, त्याच पाण्यात तीन वाजता मी स्वतः कमरेच्या वर जाणार नाही.

हिशोब सोपा आहे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच, आणि दिवसात भरती दोनदा, म्हणजे अष्टमीला सकाळी सहाला आणि संध्याकाळीही सहाच्या पुढेमागे. दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. पाणी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतं. हा ठोकताळा आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतोच. गणिताने पौर्णिमेला सव्वाअकरा येतात आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण. पाणी काही अशी दीड तासाची उडी मारत नाही. म्हणून पौर्णिमा-अमावास्येला आम्ही साडेअकरा-बारा धरतो. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, तेही बघा, पण तिथीचा हिशोब नेटवर्क नसताना चालतो आणि इथे नेटवर्क नसणं हे काही विशेष नाही.

तर तुमच्या शनिवारी बाराच्या सुमारास पूर्ण भरती आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा म्हणजे उधाण: पाणी जास्त वर येतं आणि तितकंच जास्त खाली जातं. अष्टमीच्या आसपास त्याच्या उलट, भांगाची भरती, पाण्याची चढउतार कमी. आता नेहमीच्या पाहुण्यांचा दिवस बघा. पहाटे निघतात, बारा-एकला पोचतात, जेवतात, मुलं कपडे बदलून दारात उभी, आणि तीन वाजता सगळे पाण्यात. उधाणाच्या दिवशी नेमका हाच वाईट वेळ. ओहोटीचे सहा तास असतात, पण पाणी सगळे तास सारखं उतरत नाही. पहिल्या तासात रेंगाळतं, शेवटच्या तासात रेंगाळतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात जवळजवळ निम्मं पाणी निघून जातं. म्हणजे दोन ते चार. तेव्हा पाण्याला ओढ असते. वरून समुद्र शांत दिसतो, लाटाही फार नसतात आणि पायाखालची वाळू सरकत असते.

ही ओढ सगळीकडे सारखी नसते. फुटणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या रांगेत मधेच एक पट्टा बघा, जिथे लाट फुटत नाही, पाणी जरा गडद आणि गुळगुळीत दिसतं. नवखा माणूस म्हणतो, इथे शांत आहे, इथेच उतरू. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत समुद्रात जातं ते त्याच वाटेने. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारू नका, चांगला पोहणाराही दमतो. अंग सैल सोडून तरंगत राहायचं, हात वर करून ओरडायचं, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. पट्टा अरुंद असतो, बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला आत ढकलतात. वाचवायला दुसऱ्याने उडी घेऊ नये. तरंगणारं काहीही फेकायचं, वाडीतल्या माणसांना हाक मारायची, ११२ लावायचा. एकामागून एक तिघं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यातले बरेच वाचवायला गेलेले असतात.

खाडीच्या तोंडाशी तर कुठल्याच वेळी नको. आंजर्ल्याला जोग नदी समुद्राला मिळते, केळशीला भारजा. भर ओहोटीला खाडीतलं सगळं पाणी त्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडतं. वाळूचा दांडा दिसतो, फोटोला सुंदर, लोक चालत टोकापर्यंत जातात. परत येताना पाणी वाढलेलं असतं. मी स्वतः पंधरा-सोळा वर्षांचा असताना कालवं काढायला खडपावर, म्हणजे समुद्रातल्या खडकांवर गेलो होतो, नादात भरती लागलेली कळली नाही, आणि मागची वाट पाण्याखाली गेली. छातीभर पाण्यातून, पायाला कालवांच्या धारेने चिरा पाडून घेत आलो. घरी आजीने आधी तिथी विचारली आणि मग हळद लावली.

आता तुमचे तीन दिवस. मुक्काम एकाच ठिकाणी करा, दोन्ही रात्री. आंजर्ले किंवा मुरूड-कर्दे, दोन्हीपैकी काहीही. आंजर्ले गावपण राखून आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे टेकडी. मुरूड-कर्द्याला किनारा लांब, सपाट, मुलांना धावायला चांगला. पण शनिवार-रविवारी तिथे घोडागाडी, पॅरासेलिंग, वाळूवर पळणाऱ्या गाड्या, सगळा बाजार असतो. सासूबाईंना शांतता हवी असेल तर आंजर्ले. मुलांचं ऐकायचं असेल तर कर्दे. माझं मत विचाराल तर आंजर्ले, पण मी त्या बाजूचा माणूस आहे, हेही धरून चला.

शुक्रवारी पहाटे निघालात तर ताम्हिणी-माणगाव-महाड-खेडवरून दुपारपर्यंत पोचाल. दापोलीत पेट्रोल भरा आणि थोडी रोकड काढा, पुढे दोन्हीची खात्री नाही. त्या दुपारी पाण्यात जायचं नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे दारात रडारड नको. जेवून आडवं व्हा, चारला हर्णैच्या बंदरावर जा.

हर्णैचा मासळीचा लिलाव दुपारनंतर रंगतो. होड्या येतात, पाण्यातून टोपल्या निघतात, ओल्या वाळूवर ढीग पडतात आणि बोली सुरू होते. बोलीच्या गर्दीत मधे उभे राहू नका, ती त्यांची रोजीरोटी आहे, करमणूक नाही, कडेने बघा. तुम्हाला लिलावातून घ्यायचं नसतंच, बाजूला बायका वाटे लावून बसलेल्या असतात त्यांच्याकडून घ्या. कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवा. डोळा फुगीर आणि चमकदार हवा, खोल गेलेला, दुधाळ नको. बोटाने दाबलं तर मांस परत वर यायला हवं. सुरमई-पापलेटचाच हट्ट धरू नका. ताजा बांगडा किंवा मांदेली बर्फातल्या पापलेटपेक्षा केव्हाही सरस आणि खिशालाही हलकी. घरगुती खाणावळीत विचारलंत तर तुम्ही आणलेली मासळी करून देतात, फक्त आधी बोलून ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जे ताजं म्हणून ताटात येतं त्याबद्दल मी काही बोलत नाही.

बंदरावरून समोर सुवर्णदुर्ग दिसतो. आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं, १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने पेशव्यांसाठी इंग्रजांचा ताफा आणून घेतलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात हाही आहे, त्यामुळे विचारणारे वाढले आहेत. होडीने जाता येतं, पण सकाळी जा. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी सपाट असतं. दुपारी खारे वारे सुटले की होडी हलायला लागते. किल्ल्यावर धक्का नाही, हेलकावणाऱ्या होडीतून गुडघाभर पाण्यात उतरायचं असतं. सासूबाईंना ते नको. त्यांना किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्याजवळ किंवा दीपगृह आहे त्या कनकदुर्गाच्या उंचवट्यावर बसवा, तिथून दुर्ग छान दिसतो. तुम्ही गेलात तर पायरीवर कोरलेलं कासव आणि तटातला मारुती बघायला विसरू नका. प्यायचं पाणी सोबत न्या आणि बाटल्या परत आणा.

शुक्रवारी साडेपाचला मुक्कामाच्या किनाऱ्यावर परत. चतुर्दशीला ओहोटी पाच-साडेपाचच्या आसपास, म्हणजे समुद्र खूप मागे गेलेला आणि ओल्या वाळूचा आरसा झालेला. मुलांना पाणी हवंच असेल तर या वेळी घोट्याएवढ्या पाण्यात हरकत नाही, ओढ थांबलेली असते. वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, ती छोट्या खेकड्यांची रांगोळी. मुलं अर्धा तास तिथून हलणार नाहीत. सूर्य सव्वासहाच्या सुमारास बुडतो. शनिवारी याच वेळी एकदा पाठ फिरवून बघा, पौर्णिमेचा चंद्र मागच्या माडांमधून वर येत असतो. पुढे सूर्य, मागे चंद्र. फोटो काढणारे सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे असतात, म्हणून हे कोणी सांगत नाही.

शनिवारसाठी दोन वाटा आहेत, एक निवडा. पहिली: हेदवी. एरवी मी तीन दिवसांत खाडी ओलांडायला कोणालाच सांगत नाही, पण तुमची पौर्णिमा आहे. हेदवीच्या किनाऱ्यावर खडकात एक अरुंद भेग आहे, बामणघळ. भरतीची लाट त्यात कोंडते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी भेग दिसते आणि लोक म्हणतात, यात काय आहे? उधाणाच्या भरतीला, म्हणजे तुमच्या शनिवारी साडेअकरा-बाराला, तिचा खरा आवाज ऐकू येतो. त्यासाठी सकाळी सातलाच निघून दाभोळ गाठा. तिथून फेरीबोट गाडीसकट वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपाव्याला सोडते. काही मिनिटांचं काम, आणि चिपळूणवरून घालायचा मोठा वळसा वाचतो. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. घळीच्या काठाशी जाऊ नका, खडक शेवाळलेला असतो आणि मोठी लाट सांगून येत नाही; मुलांचे हात धरून दहा-पंधरा पावलं मागे. मग दशभुजा गणपती, वाटेत गुहागरला व्याडेश्वर, जेवण, आणि अंधाराआधी परत फेरीबोट. दगदग आहे. सासूबाई गाडीला कंटाळणाऱ्या असतील तर सोडून द्या.

दुसरी वाट, आणि मला विचाराल तर मी हीच घेईन: गाडी जवळजवळ काढायचीच नाही. सकाळी नऊ ते साडेअकरा समुद्रस्नान. पाणी चढतं असतं, लाट तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलते, ऊनही कोवळं. मुलांना कमरेपर्यंत, मोठ्यांनी समुद्राच्या बाजूला उभं राहायचं, किनाऱ्याच्या बाजूला नाही. चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत न्या. पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, वाळूत बसलेलं असलं तर चाहूल लागून निघून जातं. चुकून काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, ठणका उतरतो, आणि मग डॉक्टर. निळ्या फुग्यासारखे जेलीफिश मुख्यतः पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात, जानेवारीत त्यांची फारशी काळजी नाही. तरी वाळूवर मेलेलं काही निळं दिसलं तर मुलांनी हात लावू नये.

दुपारी झोप. चारनंतर कड्यावरचा गणपती. पूर्वी आंजर्ल्यातून पायऱ्या चढून जावं लागायचं, आता गाडी देवळापर्यंत जाते, सासूबाईंना काही त्रास नाही. मूर्ती उजव्या सोंडेची. देऊळ आधी खाली किनाऱ्यावर होतं, समुद्र पुढे आला तेव्हा गणपती कड्यावर गेला अशी आख्यायिका आहे, आणि त्याचं पाऊल म्हणून खडकावर खूणही दाखवतात. आख्यायिका म्हणून सोडून द्या हवं तर, पण समुद्र पुढे येतो हे इथल्या माणसाला तेव्हापासून माहीत आहे. वरून सुवर्णदुर्ग आणि सगळी किनारपट्टी दिसते.

यादीतल्या उरलेल्या नावांविषयी थोडक्यात. वेळास कासवांसाठी असेल तर जानेवारीत जाऊ नका. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात अंडी घालतात, पिल्लं बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात, त्यामुळे पिल्लं समुद्रात सोडताना बघायची तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन हे काम उभं केलं, आता आंजर्ल्यालाही होतं. तेव्हा या, दोरीच्या मागे बसा, फ्लॅश मारू नका. पिल्लं नाहीत म्हणून रुसू नका, ती सुट्टी बघून अंड्यातून निघत नाहीत.

लाडघर बघायला चांगलं, उतरायला नाही. तांबूस गोट्यांमुळे पाण्यालाही तांबडी झाक येते, म्हणून त्याला तामसतीर्थ म्हणतात. पण खडक निसरडे आहेत. केळशीला वाळूची मोठी जुनी टेकडी आहे. ती त्सुनामीने आली की वाऱ्याने साठली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तुमच्या मुलांनी घसरगुंडी केली तर ती ढासळते यावर मात्र आहे. टेकडीवर आणि किनाऱ्याच्या वरच्या अंगाला जांभळ्या फुलांची वेल पसरलेली दिसेल, ती मर्यादवेल. तिची मुळं वाळू धरून ठेवतात. तिच्यावर चटया पसरू नका, शेकोटी तर नकोच. कोळथरे तुमच्या यादीत नाही, पण शांत आहे. त्याबद्दल जास्त सांगत नाही, शांत राहू दे.

गाडी वाळूत घालू नका. कर्द्याला ओहोटीच्या वेळी वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट दिसते आणि मोह होतो. मग चाक एका मऊ जागी रुततं, जितका अ‍ॅक्सिलरेटर दाबाल तितकं खोल जातं, आणि भरती सहा तासांत परत येते. एका पाहुण्यांची नवी गाडी मी ट्रॅक्टर लावून काढताना पाहिली, बॉनेटपर्यंत पाणी आलं होतं. गाडी निघाली, पण पुन्हा धड कधीच चालली नाही. शिवाय पोलीस गुन्हा दाखल करतात ते वेगळंच.

रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांबद्दल तुम्ही कुठे वाचलं असेल तर: काही हिवाळ्यांत दिसतात, सूक्ष्म जीवांमुळे. पण पौर्णिमेच्या उजेडात नाही. त्यासाठी अमावास्या गाठायला हवी.

जेवणाचं सकाळीच सांगा. इथल्या खाणावळी म्हणजे घरंच, माणसं मोजून नारळ फोडला जातो. शाकाहारी असाल तर कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी मागा, पनीर मागू नका. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. आणि ओल्या, वाळूने भरलेल्या पायांनी पडवीत येऊ नका, प्रत्येक घराबाहेर नळ असतो.

रविवारी भरती साडेबाराच्या सुमारास. मुलांना दहा ते बारा पुन्हा पाण्यात सोडा, मग गोड्या पाण्याने अंघोळ, जेवण, आणि दीड-दोनला गाडी काढा. थोडा उशीर झाला की माणगावच्या आसपास परतीची सगळी गर्दी गाठते, आणि ताम्हिणीचा घाट अंधारात चढावा लागतो.